समुद्रकाठची राजधानी आणि घर राखणारे माणूस

मुलांच्या परीक्षा आटोपल्या, आंब्याच्या पेट्या दारात येऊ लागल्या आणि दुपारी ओटीवर पाठ टेकण्यापुरतीच सावली उरली, म्हणजे आपल्या एकत्र कुटुंबांतून एक प्रश्न हमखास निघतो : "यंदा कोठे जावयाचे?" प्रश्न मुलांचा असतो. उत्तर मात्र घरातील निम्मी माणसे देतात आणि उरलेली निम्मी ते मुकाट्याने ऐकून घेतात. कोणी महाबळेश्वर म्हणतो, कोणी गाणगापूर म्हणतो, कोणी "एवढ्या उन्हात कशाला?" एवढेच म्हणून कूस बदलतो. वाद चार दिवस चालतो आणि पाचव्या दिवशी ज्याच्या हाती पैशाची थैली, त्याचे म्हणणे खरे ठरते. प्रवासाची अशी आखणी ज्या घरांत होते, त्या घरांसाठी आजचे हे चार शब्द आहेत.

हल्ली आपल्यांपैकी पुष्कळांची मुले उत्तर युरोपात शिक्षणासाठी अगर नोकरीसाठी असतात. कोपनहेगन, स्टॉकहोम, हेलसिंकी अशा समुद्रकाठच्या राजधान्यांची छायाचित्रे ती घरी धाडतात आणि ती पाहून येथल्या मंडळींचे डोळे दिपतात. तिकडे उन्हाळा हा उत्सव असतो. कोपनहेगनला जूनच्या उत्तरार्धात दिवस साडेसतरा तासांचा होतो. वर्षभर अंधार आणि गारठा सोसलेले लोक त्या दिवसांची वाट पाहतात व रस्त्यांवर, बंदरांवर, बागांतून रात्रीच्या दहापर्यंत फिरतात. आपल्याकडे उन्हाळ्याची वाट कोणी पाहत नाही. पाहतात ती सुटीची. हा भेद ध्यानात न घेता तिकडच्यासारखी दिवसभराची भटकंती येथे आखली, तर दुसऱ्याच दिवशी घरातील अर्धी माणसे अंथरुणाला खिळतात.

समुद्रकाठची राजधानी आपल्यालाही आहे, आणि तीसाठी पारपत्र लागत नाही. आम्ही राहतो ते केडगाव नगर शहराला लागूनच आहे. रेणुकामातेच्या नवरात्रामुळे त्याचे नाव भोवतालच्या मुलखात सर्वांस ठाऊक असते. हे केडगाव आणि मुंबई जवळजवळ एकाच अक्षांशावर, म्हणजे विषुववृत्ताच्या उत्तरेस सुमारे एकोणीस अंशांवर आहेत. आमच्या ओटीवरून पश्चिमेकडे सरळ रेघ ओढीत नेली, तर सुमारे दोनशे किलोमीटरांवर ती मुंबईतच समुद्राला मिळेल. शाळेत नकाशा शिकविताना ही गोष्ट मुलांस सांगितली, की त्यांना मोठी मौज वाटे. इतक्या सरळ रेषेत असलेला समुद्र या गावातील कितीतरी वृद्ध स्त्रियांनी जन्मात पाहिलेला नाही, हे मात्र त्या नकाशावरून कळत नाही.

या विषयाला हात घालण्याचे खरे कारण हेच आहे.

घर कोणी राखावयाचे?

एकत्र कुटुंब प्रवासास निघते तेव्हा गाडी, मुक्काम, खर्च यांचा विचार होतो. त्यांच्याही आधीचा एक प्रश्न न विचारताच सुटलेला असतो, तो म्हणजे मागे कोणी राहावयाचे. देवाची पूजा चुकता कामा नये, तुळशीला पाणी हवे, दूधवाल्याला दार उघडावयास कोणीतरी पाहिजे, आणि हल्लीच्या दिवसांत वाडा चार दिवस कुलुपात ठेवणे शहाणपणाचे नव्हे. तेव्हा एक माणूस मागे राहते. तें माणूस कोणते, याची चर्चा कोणत्याही घरात होत असलेली आम्ही ऐकली नाही. ते ठरलेलेच असते आणि बहुधा वर्षानुवर्षे एकच असते.

आमच्या घरी ते माणूस म्हणजे आमच्या थोरल्या वहिनी. वय वर्षे शहात्तर. आमचे थोरले बंधू आज हयात नाहीत. वहिनी या घरात आल्या त्याला अर्धशतक उलटून गेले. या अवधीत घरातील मंडळी काशीस जाऊन आली, कोकणात जाऊन आली, मुंबईस तर लग्नमुंजींच्या निमित्ताने कितीदा तरी जाऊन आली. वहिनी पंढरपूर, तुळजापूर आणि पैठण यांपलीकडे गेलेल्या नाहीत. एकदा म्हैस व्याली होती, एकदा सासूबाईंचे दुखणे होते, एकदा धाकट्याची परीक्षा होती. प्रत्येक वेळचे कारण खरेच होते. परंतु खऱ्या कारणांची माळ पन्नास वर्षे ओवली गेली, म्हणजे तिचे एका माणसाचे आयुष्य बनते, आणि हे घरात कोणाच्या लक्षात येत नाही.

यंदा चैत्रात मुंबईचा बेत निघाला तेव्हा वहिनींनी नेहमीचेच सांगितले : "मला काय करायचाय समुद्र? तुम्ही जा सगळे. घराकडे कोण बघेल?" मंडळींनी माना डोलावल्या आणि पुढच्या गोष्टी निघाल्या. रात्री जेवणे आटोपल्यावर आम्ही ओटीवर पंचांग चाळीत बसलो होतो, तेव्हा त्या पानाचा डबा घेऊन आल्या आणि सहज विचारावे तसे त्यांनी विचारले, "भाऊजी, समुद्राचं पाणी रात्रीसुद्धा हलतं का हो?"

ज्याला समुद्राचे काही करावयाचे नाही, त्याला हा प्रश्न पडत नाही. आपल्या घरांतील वडील स्त्रियांचा नकार हा पुष्कळदा नकार नसतो. दुसऱ्याची सोय मोडू नये म्हणून घातलेले ते पांघरूण असते. त्यांना "येता का?" असे विचारण्यात अर्थ नाही, त्याचे उत्तर ठरलेले आहे. "तुमच्यासाठी कोणती तिथी धरू?" असे विचारावे. आम्ही तसे विचारले आणि बेताचा मध्यबिंदू तेथेच ठरला. यंदा तेरा माणसांपैकी बारा जाणार आणि घर आम्ही राखणार. मुंबई आम्ही पुष्कळ पाहिली आहे. चार दिवस पिठले-भातावर काढणे आम्हांस जड नाही. यावर घरातून "कुकरच्या शिट्ट्या तरी मोजता येतात ना?" अशी पृच्छा झाली, तिला आम्ही शांतपणे होकार दिला.

मध्यबिंदू ठरला, की बाकीचा बेत आपोआप सुसूत्र होतो. तो आम्ही कसा आखला, हे वाचकांच्या उपयोगी पडेल म्हणून येथे नोंदवितो.

हवा आणि तिथी

पहिला विचार हवेचा. आमचे नगर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसहाशे मीटर उंच आहे. येथे मे महिन्यात पारा चाळिशीला टेकतो, पण हवा कोरडी असते. मुंबईत पारा तेहतीस-चौतीसच्या वर सहसा जात नाही. हे आकडे वाचून देशावरचा मनुष्य "मुंबई थंड आहे" असे समजतो आणि तेथे फसतो. अंगावरचा घाम वाळताना शरीरातील उष्णता बाहेर पडते. कोरड्या हवेत तो झटकन वाळतो. समुद्राकाठच्या दमट हवेत तो वाळतच नाही, नुसता ओघळतो. सबब तेहतीस अंशांतही जीव कासावीस होतो, आणि त्याचा त्रास वृद्धांस व लहान मुलांस प्रथम होतो. म्हणून सकाळी दहापर्यंत आणि सायंकाळी पाचनंतर बाहेर फिरावे, मधला वेळ छपराखाली काढावा, आणि तहान लागण्याची वाट न पाहता पाणी, सरबत, ताक पीत राहावे. रक्तदाबाची औषधे चालू असलेल्या वडील मंडळींनी निघण्यापूर्वी आपल्या वैद्याचा अगर डॉक्टरांचा सल्ला अवश्य घ्यावा.

दुसरी गोष्ट पावसाची. मुंबईत मोसमी पाऊस येण्याची सर्वसाधारण तारीख ११ जून मानली जाते. परंतु २०२५ साली तो २६ मे रोजीच दाखल झाला. तेव्हा "जूनच्या पहिल्या आठवड्यात जाऊ" हा जुना हिशेब आता धोक्याचा आहे. मे महिन्याच्या मध्यापर्यंत जाऊन यावे, हे बरे.

तिसरी गोष्ट भरती-ओहोटीची. ही बहुतेक देशस्थांच्या गावीही नसते. समुद्र पाहावयास म्हणून माणसे हौसेने जातात आणि पुढ्यात निव्वळ चिखल व खडक पाहून परत येतात, याचे कारण ती ओहोटीच्या वेळी गेलेली असतात. येथे आपले पंचांग कामास येते. समुद्रकाठच्या लोकांचा एक जुना आडाखा आहे : तिथीचा जो अंक असेल त्याची पाऊणपट करावी, म्हणजे भरतीची वेळ अजमासाने निघते. अष्टमीची पाऊणपट सहा, म्हणून अष्टमीला मुंबईत सकाळी व संध्याकाळी सहाच्या सुमारास पाणी भरलेले असते. पौर्णिमेस व अमावास्येस भरती दुपारी आणि मध्यरात्री बाराच्या आगेमागे येते व सायंकाळी सहाला ओहोटी असते. आणखी एक भेद असा, की पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास सूर्य व चंद्र यांचे आकर्षण एका रेषेत येते, म्हणून पाणी फार चढते. ती उधाणाची भरती. अष्टमीच्या सुमारास ती आकर्षणे काटकोनात असतात, म्हणून पाणी बेताने चढते; ती भांगाची भरती. वाळूत शिंपले वेचावयाचे असतील तर मुलांना पौर्णिमेची सायंकाळ बरी. परंतु ज्या माणसाने जन्मात प्रथमच समुद्र पाहावयाचा, त्याच्यासाठी काठोकाठ भरलेला आणि तरीही सौम्य असा अष्टमीचाच समुद्र हवा. वैशाखात मुंबईस सूर्यास्त सातच्या सुमारास होतो. म्हणजे भरती आणि सूर्यास्त यांची गाठही पडते. आम्ही वैशाख वद्य अष्टमी धरली. अर्थात हा आडाखा स्थूल आहे. प्रत्यक्ष निघण्यापूर्वी वर्तमानपत्रात छापलेली वेळ पाहून खात्री करावी, आणि पाणी चढत असताना लाटांत उतरण्याचा हट्ट कोणास करू देऊ नये.

मार्ग आणि मुक्काम

सह्याद्री उतरून मुंबईस जाण्याचे आम्हां नगरकरांस तीन मार्ग आहेत. आगगाडीने दौंड-पुण्यावरून बोरघाट उतरता येतो. मनमाड-नाशिकवरून थळघाट उतरता येतो. आणि मोटारीने अगर एसटीने टाकळी ढोकेश्वर, आळेफाटा, ओतूर या बाजूने माळशेज घाट उतरून मुरबाड-कल्याणला पोचता येते. माळशेजचा मार्ग जवळचा, पण वळणांचा. ज्यांस मळमळते त्यांस आगगाडी बरी. मात्र नगराहून मुंबईपर्यंत थेट गाड्या मोजक्याच असल्यामुळे आरक्षण आधी करावे लागते. आगगाडीचे आरक्षण पूर्वी एकशेवीस दिवस आधी खुले होत असे. १ नोव्हेंबर २०२४ पासून ते साठ दिवसांवर आले. चांद्रमासांच्या हिशेबाने हे सोपे पडते : प्रवासाची तिथी वैशाख वद्य अष्टमी, तर फाल्गुन वद्य अष्टमीच्या सुमारास आरक्षण उघडले असे समजावे. आमच्याकडे बेतच चैत्रात निघाल्यामुळे आगगाडीत बारा जागा एकत्र मिळणे कठीण झाले आणि एसटी ठरली.

खर्चाच्या दृष्टीनेही एसटी वाईट नाही. राज्य परिवहनाने ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तर वर्षांवरील वृद्धांस प्रवास मोफत केला. पासष्ट ते पंचाहत्तर वयाच्या मंडळींस अर्धे भाडे पडते, आणि मार्च २०२३ पासून सर्व स्त्रियांस अर्धे तिकीट आहे. रेल्वेने वृद्धांना दिलेली सवलत मात्र २०२० साली बंद झाली. वयाचा दाखला जवळ ठेवावा. हिशेब केला तेव्हा आमच्या बाराजणांत सर्वांत स्वस्त प्रवास वहिनींचाच निघाला. "पन्नास वर्षं थांबले त्याचं व्याज मिळालं म्हणायचं," असे त्या म्हणाल्या. घरात सर्व हसले. हसण्यापूर्वी क्षणभर कोणी बोलले नाही.

आता मुक्काम. मुंबई म्हटली की आपल्याकडे पहिला विचार नातेवाइकांचा होतो. पूर्वी गिरगावातील दोन खोल्यांच्या चाळीत मे महिन्यात पंधरा-पंधरा पाहुणे राहत आणि तरीही ते दिवस सर्वांस गोड वाटत, हे खरे. परंतु त्या गोडव्यामागे एक स्त्री पहाटे चारला नळावर उभी राहत असे, हेही तितकेच खरे. आज त्या घरची गृहिणी बहुधा स्वतः नोकरीस जाते, सकाळची लोकल धरते आणि रात्री परत येते. तिच्या दारात बारा माणसे उतरविणे हे आप्तपणाला शोभत नाही. विचारावयाचेच तर महिनाभर आधी पत्राने वा फोनवर असे विचारावे, की तिला नाही म्हणता येईल. दारात उभे राहून विचारलेल्या प्रश्नाला नाही म्हणता येत नाही. आमची भाची डोंबिवलीस असते. तिच्याकडे एक संध्याकाळ सर्वांनी जेवावयास जावे आणि मुक्काम दादरच्या आसपास खोल्या घेऊन करावा, असे ठरले. भाचीने रुसून दाखविले. पण तिच्या आवाजात हायसे वाटल्याचेही आम्हांस ऐकू आले.

मुक्कामाच्या खर्चाची गोष्ट निघाली तेव्हा आमच्या धाकट्या सूनबाईंनी एक वाक्य सांगितले. ते येथे लिहिण्यास त्यांची परवानगी आहे. त्या म्हणाल्या, "मामंजी, स्वयंपाकघर असलेली जागा घेऊ नका. स्वस्त पडली तरी घेऊ नका." यावर घरातील तरुण पुरुषांत थोडी कुजबूज झाली. भाजणी, मेतकूट, तिखटमीठ बरोबर असता बाराजणांचे दोन्ही वेळचे जेवण बाहेर घेणे ही उधळपट्टी होय, असे एकाचे म्हणणे पडले. हिशेबाने ते चूक नाही. तथापि आम्ही विचारले, "सुटी कोणाची?" शाळेची सुटी मुलांना, कचेरीची सुटी पुरुषांना, चुलीची सुटी कोणाला? जी स्त्री केडगावी बारा माणसांचे रांधते, तिने मुंबईस जाऊन परक्या शेगडीवर त्याच बारा माणसांचे रांधावयाचे, तर तिच्या दृष्टीने गाव बदलले, काम बदलले नाही. अखेर असे ठरले, की सकाळचा फराळ घरून नेलेल्या दशम्या, चटणी, चिवडा, लाडू यांवर भागवावा, एक वेळ नीट जेवण खाणावळीत घ्यावे आणि रात्री हलके काही खावे. खर्च समाईक थैलीतून होणार आहे, आणि ती थैली प्रवासापुरती सूनबाईंच्या स्वाधीन करण्यात आली आहे.

काय पाहावे

मुक्काम तीन रात्रींचा. रोज दोन स्थळे, त्यांहून अधिक नाही. दहा स्थळे धावत पाहिलेल्या मुलाला महिन्याने एकही आठवत नाही, हा आमचा शिक्षकी अनुभव आहे.

पहिल्या दिवशी प्रवास, विश्रांती आणि सायंकाळी समुद्र. दुसरे काही नाही. दादरची चौपाटी चालण्याच्या अंतरावर आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी कोटभाग. आता दादरहून तेथे जाण्यास लोकलच्या गर्दीत शिरण्याची गरज उरली नाही. आरेपासून कफ परेडपर्यंतची भुयारी मेट्रो ऑक्टोबर २०२५ मध्ये पूर्ण सुरू झाली, आणि तिच्या स्थानकांवर उद्‌वाहने व सरकते जिने असल्याने गुडघे दुखणाऱ्यांची सोय झाली. मुलांनी तिच्या स्थानकांची नावे वाचीत जावे : आचार्य अत्रे चौक, जगन्नाथ शंकरशेठ, गिरगाव, काळबादेवी, हुतात्मा चौक. प्रत्येक नावापाशी थांबून घरच्या मोठ्यांनी दोन वाक्ये सांगितली तरी इतिहासाचा एक धडा होतो. बोरीबंदराहून ठाण्यास पहिली आगगाडी १६ एप्रिल १८५३ रोजी सुटली आणि तिने चौतीस किलोमीटर अंतर तोडले. त्या उद्योगात जगन्नाथ शंकरशेठ यांचा पुढाकार होता. त्याच जागेजवळ स्टीव्हन्स या वास्तुशिल्पज्ञाने १८७८ पासून दहा वर्षे खपून उभारलेले भव्य स्थानक आज छत्रपती शिवाजी महाराजांच्या नावाने ओळखले जाते, आणि २००४ पासून ते जागतिक वारशाच्या यादीत आहे. तेथून हुतात्मा चौक. येथला कारंजा १८६४ चा. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात शंभरांहून अधिक माणसांनी प्राण दिले, आणि १ मे १९६० रोजी मुंबई मराठी राज्याची राजधानी झाली. "ही राजधानी आपल्याला कोणी भेट दिलेली नाही," एवढे मुलांना तेथे उभे राहून सांगावे. पुढे एशियाटिक सोसायटीचा दिवाणखाना लागतो. संस्था १८०४ ची, इमारत १८३३ ची. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांच्यासारख्या पंडितांचा या संस्थेशी निकटचा संबंध होता. धर्मशास्त्राचा इतिहास पाच खंडांत लिहून १९६३ साली भारतरत्न झालेला हा पुरुष वकिलीही करीत असे, हे आमच्या घरातील ज्या मुलास "वेळ मिळत नाही" असे म्हणण्याची सवय आहे, त्याला मुद्दाम सांगावयाचे ठरले आहे. दुपारचे ऊन चढले की वस्तुसंग्रहालयात शिरावे. त्याची कोनशिला १९०५ सालची, ते लोकांस खुले झाले १९२२ साली. आज त्याला छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय म्हणतात. जाड भिंतींच्या त्या दालनांत दोन प्रहरांचा वेळ सुखाने जातो. उन्हे उतरल्यावर गेटवे पाहावे. १९११ च्या बादशाही भेटीच्या स्मरणार्थ बांधलेली ही कमान १९२४ साली पुरी झाली, आणि २८ फेब्रुवारी १९४८ रोजी इंग्रजांची शेवटची पलटण याच कमानीतून परत गेली.

तिसऱ्या दिवशी पहाटे घारापुरी. गेटवेपासून होडीने सुमारे तासाभराचा प्रवास. सोमवारी लेणी बंद असतात, हे वार धरताना विसरू नये. धक्क्यापासून वर शंभराहून अधिक पायऱ्या आहेत. ज्यांस चढवत नाही त्यांच्यासाठी डोलीची खुर्ची मिळते. सहाव्या शतकातील ते शिवमंदिर अखंड खडकात कोरलेले आहे. त्यातील तीन मुखांची सदाशिवाची मूर्ती अठरा-वीस फूट उंच आहे. तिच्यासमोर मंडळींनी पाच मिनिटे काही न बोलता उभे राहावे, एवढीच सूचना आम्ही दिली आहे. शिवपार्वतीच्या विवाहाचा शिल्पपट, गंगावतरण, अर्धनारी हे सर्व त्यानंतर पाहावे. पोर्तुगीजांनी या बेटास 'एलिफंटा' हे नाव दिले, ते किनाऱ्यावरील एका प्रचंड दगडी हत्तीमुळे. तो हत्ती पुढे भंगला, त्याचे तुकडे मुंबईस आणून जोडण्यात आले, आणि आज तो भायखळ्याच्या राणीच्या बागेत उभा आहे. तेव्हा चौथ्या दिवशी सकाळी राणीची बाग, म्हणजे आताचे वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान, पाहिले की कथेचे दुसरे टोक मुलांच्या हाती लागते. शेजारचे संग्रहालय १८७२ साली लोकांस खुले झाले. त्याला ज्यांचे नाव आहे ते डॉ. भाऊ दाजी लाड रोग्यांची नाडी पाहून उरलेल्या वेळात शिलालेख वाचीत आणि कालिदासावर निबंध लिहीत. बाग व संग्रहालय दोन्ही बुधवारी बंद असतात. परतताना वेळ उरला, तर गिरगावात केशवजी नाईकांच्या चाळीवरून जावे. १८९३ मध्ये तेथे सुरू झालेला सार्वजनिक गणेशोत्सव मुंबईतील पहिल्या उत्सवांपैकी होय.

ही सर्व स्थळे पाहिलीच पाहिजेत, असा आग्रह नाही. वहिनींना घारापुरीस जावेसे वाटले नाही, तर त्यांनी त्या दिवशी पुन्हा चौपाटीवर जावे. त्यांच्यासोबत कोणी राहावयाचे, हे मुलांनी चिठ्ठ्या टाकून ठरविले. आणि ज्याच्या नावाची चिठ्ठी निघाली तो नातू नाराज झालेला नाही.

रघुवंशाच्या तेराव्या सर्गात लंकेहून परतताना राम पुष्पक विमानातून सीतेला समुद्र दाखवितो. तो सर्ग वर्गात शिकविताना वर्णनातील उपमांकडे मुलांचे लक्ष आम्ही वेधीत असू. आज त्यातील दुसरीच गोष्ट मनात येते. सीतेने त्या समुद्रापलीकडे कितीतरी महिने काढले होते, तरी तो तिला पाहावयास मिळाला तो कोणी "पाहा" म्हणून हात पुढे केला तेव्हाच. घरातील माणसाला काही दाखवावयाचे असेल, तर त्याच्या मागण्याची वाट पाहू नये.

मागे राहणाऱ्याची यादी

शेवटचा भाग आमचा. घर राखण्याचे काम आम्ही सोपे समजत नव्हतो, पण त्याचा आवाकाही आम्हांस ठाऊक नव्हता. कारण ते कोणी कधी लिहून काढलेले नव्हते. गेल्या गुरुवारी आम्ही कागद-पेन्सिल घेऊन स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी बसलो आणि वहिनींना सांगावयास सांगितले. दूधवाला सहाला येतो, पण साडेपाचलाच भांडे कट्ट्यावर ठेवावे. तुळशीला पाणी उन्हे येण्यापूर्वी. समईची वात जुनी वापरू नये. पाण्याची टाकी एक दिवसाआड भरते. त्या दिवशी पहाटे उठून नळाचा आवाज ऐकावा. लोणच्याच्या बरणीचा दादरा बदलावा. मागच्या दाराची कडी दोनदा ओढून पाहावी, ती एकदा ओढून बसत नाही. शेजारच्या आजींस रोज दुपारी एक हाक मारावी, त्या एकट्या असतात. पोळी न्यावयास येणाऱ्या कुत्रीला पिले झाली आहेत, तेव्हा दोन पोळ्या. यादी कागदाच्या दोन्ही बाजूंनी भरली आणि दुसरा कागद घ्यावा लागला. एकतीस कामे निघाली.

वाचकांस आमची विनंती एवढीच, की यंदा प्रवासास कोठेही जा, मुंबईस जा की कोपनहेगनला जा, निघण्यापूर्वी आपल्या घरी अशी यादी करून पाहा. ती सांगताना ज्या माणसाला कोठेही अडावे लागत नाही, त्याचे तिकीट प्रथम काढावे. आणि यादी ज्याला वाचून दाखवावी लागते, त्याने या खेपेस घरी राहावे. आमच्याकडे यादी देवघराच्या दाराशी खिळ्याला अडकविली आहे. वहिनी येताजाता तिच्याकडे पाहतात, आणि काल त्यांनी तीत बत्तिसावे काम भरले : रात्री झोपण्यापूर्वी भाऊजींनी रक्तदाबाची गोळी घ्यावी.